उपचार घरी, बिल हातात: रुग्णालयात न नेलेल्या एका ॲम्ब्युलन्स कॉलचं प्रकरण

पार्श्वभूमी

कुटुंब कोल्हापूर शहराला लागून असलेल्या एका उपनगरातलं. ओळख पटू नये म्हणून नावं, गल्ली आणि काही बारीक तपशील गाळले आहेत. रुग्ण ७२ वर्षांचे, साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. घरात सगळे त्यांना आण्णा म्हणतात. मुलगा गोकुळ शिरगावच्या वसाहतीत फाउंड्रीत सुपरवायझर. पगार महिना २१,००० रुपयांच्या वर असल्यानं तो ईएसआयसीत, म्हणजे सरकारी कामगार विम्यात, येत नाही. कंपनीची ग्रुप मेडिक्लेम आहे आणि तीत आई-वडिलांची नावं घातलेली आहेत. ही शेवटची गोष्ट घरात कुणाच्या लक्षातही नव्हती.

सरकारी संरक्षण दुहेरी होतं. केशरी रेशन कार्डामुळे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू, आणि सत्तरी ओलांडलेली असल्यानं आयुष्मान वय वंदना कार्डही काढलेलं. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत ७० वर्षांवरच्या सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता घेण्याची सुरुवात २९ ऑक्टोबर २०२४ ला झाली. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून देवघराच्या फळीवर ठेवलेलं होतं. घरच्यांची समजूत अशी की आण्णांच्या आजारपणाचा कसलाही खर्च आला की तो या कार्डातून निघतो.

आण्णांना पंधरा वर्षांपासून मधुमेह. ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम अशी एकत्र गोळी सकाळ-संध्याकाळ. शिवाय गुडघे दुखतात म्हणून पंधरा दिवस औषधाच्या दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी चालू होती. ती कुठल्याच डॉक्टरला सांगितलेली नव्हती.

काय घडलं

आषाढी एकादशीला आण्णांनी उपवास धरला. दुपारी थोडी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, रात्री नुसतं दूध. गोळी मात्र दोन्ही वेळा चुकवली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला सुनेला ते घामानं चिंब भिजलेले, हाक मारली तर नुसते घुमणारे असे दिसले.

इथं पहिला निर्णय झाला, आणि तो कुणी विचार करून घेतला असं म्हणता येत नाही. शेजारच्या पोरानं मोबाईलमध्ये साठवलेल्या खासगी ॲम्ब्युलन्सवाल्याला फोन लावला. १०८ कुणाला सुचलाच नाही. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, गाडीत डॉक्टर असतो आणि रुग्णाला बिल लागत नाही. पण अनेक घरांत १०८ म्हणजे अपघात आणि बाळंतपण, असंच समीकरण आहे.

गाडी येईपर्यंत सुनेनं साखरपाणी पाजायचा प्रयत्न केला. निम्मं तोंडातून बाहेर आलं. शुद्ध धड नसलेल्या माणसाला तोंडानं काही देऊ नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. कुशीवर वळवून तोंड मोकळं ठेवायचं आणि थांबायचं. सुदैवानं त्यांना ठसका लागला नाही.

ॲम्ब्युलन्सवाल्यानं येताना जवळच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरांना गाडीत घेतलं होतं. ग्लुकोमीटरवर साखर ३८ भरली, म्हणजे धोक्याइतकी कमी. कोपरातली मोठी शीर धरून २५ टक्के डेक्स्ट्रोजची १०० मिलिलिटरची बाटली दिली, म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज. मोठी शीर धरली हे बरं झालं, कारण एवढं दाट द्रावण शिरेबाहेर गेलं तर तिथली कातडी जळते. दहा मिनिटांत आण्णांनी डोळे उघडले, पंधराव्या मिनिटाला साखर १४२.

डॉक्टर म्हणाले, एक दिवस दवाखान्यात ठेवलेलं बरं. मुलगा म्हणाला, “आण्णा उठून बसल्यात की! आता नेऊन काय करायचं?” आण्णांनाही जायचं नव्हतं, बारस सोडायची होती. डॉक्टरांनी आग्रह धरला नाही. कसल्याही कागदावर सही झाली नाही, चिठ्ठी लिहिली गेली नाही. पावतीपुस्तकातलं एक पान मागे राहिलं: “ॲम्ब्युलन्स चार्जेस रु. ४,८००”.

त्याच दिवशी दुपारी साडेचारला साखर पुन्हा ४४ वर आली. जेवून झोपलेत, थकले असतील, म्हणून तासभर कुणी हलवलं नव्हतं. या वेळी सुनेनं १०८ लावला. गाडीतल्या डॉक्टरांनी तिथंच सुई लावून डेक्स्ट्रोज दिलं आणि गोळीचं पाकीट बघितल्यावर घरी ठेवायचा विषयच काढू दिला नाही. आण्णा सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, दाखल झाले.

पैशांचा प्रश्न

दुसऱ्या दिवशी मुलगा ती ४,८०० ची पावती आणि दोन्ही कार्डं घेऊन योजनेच्या कक्षात आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णांना मदत करणाऱ्या योजनेच्या माणसाकडे, गेला. पाच लाखांच्या कार्डातून पाच हजार तर निघतील, हा त्याचा हिशेब. उत्तर एका वाक्यात मिळालं: “दादा, कार्ड बेडवर चालतंय, गाडीवर न्हाई.”

ते बरोबर होतं, पण का, हे कुणी नीट उलगडून सांगत नाही. आपल्याकडच्या दोन्ही योजना दाखल रुग्णाच्या उपचारासाठी बांधलेल्या आहेत. अंगीकृत म्हणजे योजनेत सामील रुग्णालय, ठरलेलं पॅकेज, पूर्वपरवानगी, उपचार, घरी सोडल्याचं कार्ड, मग रुग्णालयाच्या खात्यात रक्कम. या साखळीत रुग्णाच्या हातात पैसे देण्याची जागाच नाही, कारण योजना रोकडरहित आहे. घरी येऊन दिलेला उपचार या साखळीच्या पहिल्या कडीलाच बसत नाही: रुग्णालय नाही, खाट नाही, पॅकेज नाही.

इथं एक कलम फसवं ठरतं. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांचा खर्च पॅकेजमध्ये धरलेला असतो. मुलाला हे मोबाईलवर सापडलं आणि तो पुन्हा कक्षात गेला: सकाळी गाडी, संध्याकाळी दाखल, तीन दिवसांच्या आतच की! पण तो खर्च त्या रुग्णालयानंच करायचा असतो, स्वतःच्या तपासण्या आणि औषधांचा. बाहेरच्या ॲम्ब्युलन्सवाल्याची पावती रुग्णालय आपल्या दाव्यात घालू शकत नाही, आणि रुग्णाला परतावा हा प्रकारच नाही. महात्मा फुले योजना राजीव गांधी जीवनदायी या नावानं सुरू झाली तेव्हापासून पॅकेजमध्ये प्रवासाची जी तरतूद आहे ती रुग्णालयातून घरी परतण्याच्या एसटी किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाच्या भाड्याची. प्रवास उलट दिशेचा आहे, आणि तोही दाखल झालेल्याचाच.

म्हणून “ॲम्ब्युलन्समधल्या उपचाराला सरकारी विमा नाही” हे वाक्य अर्धंच खरं आहे. सरकार तो खर्च करतं, पण दुसऱ्या दारानं. १०८ चा पैसा सेवेवर खर्च होतो, रुग्णागणिक दाव्यावर नाही. गाडी आली, डेक्स्ट्रोज दिलं, रुग्ण घरीच राहिला, तरी त्याला शून्य रुपये. सकाळचाच उपचार १०८ च्या गाडीत झाला असता तर हे प्रकरण पैशांपुरतं उभंच राहिलं नसतं. कार्ड कशावर चालतं आणि फोन नंबर कशावर चालतो, हा फरक कार्ड वाटताना सांगितला जात नाही, आणि याची खरोखर चीड येते.

हा पेच आपल्यापुरता नाही. अमेरिकेतल्या मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी विम्यातही ॲम्ब्युलन्स हा वाहतुकीचा लाभ आहे. पैसे मिळतात ते नेण्याचे, मूळ दर अधिक मैल. रुग्णाला जागेवर बरं करून घरी ठेवलं तर ॲम्ब्युलन्स सेवेच्या हाती काही लागत नाही, म्हणजे गरज नसतानाही नेण्याकडेच कल. ते बदलायला तिथं जानेवारी २०२१ पासून ईटी३ नावाचा प्रयोग केला, जागेवरच्या उपचाराला आणि रुग्णालयाऐवजी दुसऱ्या ठिकाणी नेण्याला पैसे देणारा. पाच वर्षांचा ठरवलेला प्रयोग अपेक्षेपेक्षा कमी प्रतिसादामुळे डिसेंबर २०२३ अखेर गुंडाळला.

समोरचे पर्याय

पावतीचं काय करायचं यावर चार वाटा समोर होत्या.

पहिली, भरून मोकळं व्हायचं. ॲम्ब्युलन्सवाला ओळखीचा होता, आईचं म्हणणं हेच होतं.

दुसरी, योजनेकडे तक्रार. महात्मा फुले योजनेचा मदत क्रमांक १५५३८८, आयुष्मानचा १४५५५. पण तक्रार चालते ती अंगीकृत रुग्णालयानं योजनेतल्या रुग्णाकडून पैसे मागितले तर. इथं रुग्णालयानं काही मागितलंच नव्हतं. तक्रार केली असती तर निकाल आधीच ठरलेला होता.

तिसरी वाट एका ओळखीच्या माणसानं सुचवली: सोडल्यावर एखाद्या खासगी रुग्णालयात दोन दिवस दाखल करायचं, “त्यात सगळं बसवून घेऊ.” ही वाट अशा बहुतेक प्रकरणांत कुणी ना कुणी सुचवतंच, म्हणून जरा थांबून सांगायला हवं. एक तर पूर्वपरवानगीला तपासण्यांचे अहवाल आणि वॉर्डातल्या नोंदी लागतात. आजार नसताना त्या तयार करणं म्हणजे फसवणूक, आणि त्यात कार्डधारकही अडकतो. दुसरं, एवढं करूनही ॲम्ब्युलन्सचे ४,८०० मिळत नाहीत, पॅकेजची रक्कम रुग्णालयाला जाते. तिसरं, कुटुंबाच्या वार्षिक मर्यादेतून ती रक्कम वजा होते आणि रुग्णाच्या नावावर न झालेल्या आजाराची नोंद राहते. मुलानं नाही म्हटलं, पण दोन दिवस त्याच्या मनात ते घोळत होतं.

चौथी वाट मेडिक्लेमची. ती सीपीआरमध्ये भेटलेल्या एका समाजसेवा कार्यकर्तीनं काढली. तिनं साधा प्रश्न विचारला: “कंपनीतनं पगारातून काही कापतात का बघा की.”

काय केलं

आधी पावती फोडून घेतली. “ॲम्ब्युलन्स चार्जेस” अशा एकठोक रकमेवर कुठलीच विमा कंपनी काही देत नाही, आणि दर बरोबर की चूक हेही कळत नाही. ॲम्ब्युलन्सवाल्याकडून वेगळं बिल घेतलं: गाडी ३,५००, डॉक्टर १,०००, औषधं व साहित्य ३००. मग गाडीच्या ३,५०० चा मुद्दा काढला. ॲम्ब्युलन्सचे दर प्रादेशिक परिवहन प्राधिकरण वाहनाच्या प्रकारानुसार ठरवतं. लहान व्हॅनचा दर आणि मॉनिटर-व्हेंटिलेटर असलेल्या गाडीचा दर यांत मोठी तफावत असते. एआयएस-१२५ या ॲम्ब्युलन्सच्या मानकातही चार प्रकार आहेत: प्रथम प्रतिसाद वाहन, रुग्णवाहतूक, प्राथमिक जीवरक्षक आणि प्रगत जीवरक्षक. आलेली गाडी ऑक्सिजन सिलिंडर आणि स्ट्रेचर असलेली व्हॅन होती. दर लावला होता कार्डियाकचा, म्हणजे मॉनिटर-व्हेंटिलेटरवाल्या गाडीचा. परिवहन कार्यालयात जाऊन लागू दराची प्रत बघितली, ती मालकाला दाखवली. भांडण झालं नाही. त्यानं गाडीचे २,००० केले आणि नवं बिल दिलं. एकूण ३,३००.

मग डॉक्टरांचा कागद. पहाटे काहीच लिहिलं नव्हतं, पण त्यांच्या नोंदवहीत वेळ, साखर आणि दिलेलं औषध होतं. त्यावरून त्यांनी पत्र दिलं. त्यावर पत्र दिल्याची खरी तारीख घातली आणि तपासणीची तारीख-वेळ मजकुरात लिहिली, खाली नोंदणी क्रमांक आणि शिक्का. मागची तारीख घालून चिठ्ठी करून घ्यायचा मोह इथं हमखास होतो. विमा कंपनीचा माणूस दवाखान्यात फोन करून नोंदवही विचारतो, आणि तारीख जुळली नाही की सगळा दावाच जातो.

कंपनीच्या पॉलिसीत दोन कलमं कामाची होती. रस्त्यावरच्या ॲम्ब्युलन्सचं कलम दाखल होण्यासाठी रुग्णालयात नेण्यापुरतं होतं. प्रमाणित आरोग्य संजीवनी पॉलिसीतही ते एका दाखल प्रसंगाला २,००० रुपयांपर्यंतच असतं. सकाळची गाडी कुठंच घेऊन गेली नव्हती, म्हणून तिथं दार बंद. दुसरं कलम दाखल होण्याआधीच्या ३० दिवसांतल्या वैद्यकीय खर्चाचं: तोच आजार असेल तर डॉक्टर, औषधं, तपासण्या मिळतात, घरी झाल्या तरी. पहाटेचा हायपोग्लायसेमिया, म्हणजे साखर घसरणं, आणि संध्याकाळचा एकच. सीपीआरचं घरी सोडल्याचं कार्ड, फोडलेलं बिल, डॉक्टरांचं पत्र आणि ग्लुकोमीटरच्या मेमरीतल्या वेळेसह नोंदींचा फोटो, असा दावा मुदतीत लावला.

निष्पत्ती

आण्णा दोन रात्री वॉर्डात राहिले. १० टक्के डेक्स्ट्रोजचं सलाईन, सुरुवातीला तासातासाला साखर. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन २.३ निघालं, म्हणजे वाढलेलं. कोडं तिथं उलगडलं: वेदनाशामक गोळीनं मूत्रपिंड मंदावलं, त्यामुळे ग्लिमेपिराइडचा असर वाढत गेला, वर उपवास पडला. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि वेदनाशामक तिन्ही बंद झाली, लिनाग्लिप्टिन ही मधुमेहाची दुसरी गोळी सुरू केली.

पैशांत सांगायचं तर ३,३०० पैकी १,३०० म्हणजे डॉक्टर आणि औषधांचा भाग मेडिक्लेममधून आला. गाडीचे २,००० खिशातून गेले. सरकारी योजनेतून पहाटेच्या कॉलचा एक रुपयाही आला नाही. संध्याकाळच्या १०८ चं बिल झालंच नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यांत महागात पडलेला निर्णय पैशांचा नव्हता, पहाटे घरी ठेवण्याचा होता. डेक्स्ट्रोज दिल्यावर माणूस बटण दाबल्यासारखा जागा होतो, आणि घरच्यांना वाटतं संपलं. पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला दिवसभर इन्सुलिन सोडायला लावत राहते. शिरेतून दिलेलं ग्लुकोज लवकर ओसरतं, उलट एकदम वाढलेल्या साखरेमुळे अशा रुग्णात आणखी इन्सुलिन सुटतं. म्हणून ग्लिमेपिराइड ज्यात मोडते त्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळीनं साखर घसरली असेल तर चोवीस तास देखरेख हवी. वय सत्तरीपुढचं, मूत्रपिंडाची तपासणी वर्षभरात झालेली नाही, कारण पुरतं कळलेलं नाही, यांतलं एक जरी असलं तरी न्यायचंच. इथं तिन्ही होती.

याउलट, तरुण माणूस, जेवणाआधीचं अल्पकाळ टिकणारं इन्सुलिन घेतलं आणि जेवण लांबलं, एवढंच कारण. आता पुरता शुद्धीवर, पोटभर खाल्लं, घरी ग्लुकोमीटर आणि जागं राहणारं माणूस आहे, तर घरी ठेवणं योग्य उपचार असू शकतो. अशा रुग्णाला नुसत्या बिलासाठी दाखल करणं चूकच.

नकाराची सही हा दुसरा दुबळा दुवा. साखर वर आली तरी डोकं पूर्ण जागेवर यायला वेळ लागतो. दहाव्या मिनिटाला आण्णांनी “नको” म्हटलं, तेव्हा त्यांना वार सांगता येत होता का, हे कुणी विचारलं नव्हतं. अर्धा तास थांबून, पुन्हा साखर बघून, दिवस-जागा-माणसं विचारून मग नकार लिहून घ्यायचा, आणि त्यातच पुढच्या चोवीस तासांत काय बघायचं ते मराठीत लिहून द्यायचं: दर दोन तासांनी साखर, ७० च्या खाली आली की फोन, दुपारी झोप लागली तरी उठवून बघायचं. ही चिठ्ठी मागे राहिली असती तर साडेचारची वेळ आलीच नसती, किंवा निदान तासभर आधी कळली असती.

१०८ च्या गाडीनं घरीच उपचार केला तरी कागद मागायचा. उपचाराचं बिल नसलं तरी नोंद असते, आणि पुढं दाखल व्हायची वेळ आली की वॉर्डातल्या डॉक्टरला ती लागते: किती साखर होती, काय दिलं, किती वाजता.

उरतो धोरणाचा भाग. जागेवरच्या उपचाराला योजनेनं पैसे द्यावेत का? द्यावेत असं आमचं मत आहे, पण खुशाल कुणालाही नव्हे. खाट नाही, डिस्चार्ज नाही, म्हणजे खोटा दावा करणं सोपं. पुरावा म्हणून वेळेसह साखरेची किंवा ईसीजीची नोंद, गाडीचं ठिकाण दाखवणारी यंत्रणेतली खूण, डॉक्टरचा नोंदणी क्रमांक, आणि चोवीस तासांनी रुग्णाला केलेला फोन, एवढं तरी लागेल. तो फोन आण्णांच्या बाबतीत झाला असता तर उत्तर आलं असतं की रुग्ण सीपीआरमध्ये दाखल आहे. म्हणजे घरी ठेवायचा निर्णय चुकला होता हे योजनेला कळलं असतं, आणि त्या डॉक्टरांनाही.

कोल्हापुरात याची सुरुवात त्याहून साध्या जागी करता येते. वय वंदना कार्ड हातात देताना त्या पाकिटातच एक चिठ्ठी घालावी: दाखल व्हायचं असेल तर हे कार्ड, गाडी हवी असेल तर १०८, मधुमेहाची गोळी घेणारा माणूस घुमायला लागला तर तोंडात काही न घालता १०८ लावा आणि गोळीचं पाकीट गाडीतल्या डॉक्टरांना दाखवा.